दुपारची वीज स्वस्त झाली, मग बिल का उतरत नाही?

गुहागर तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलंय: घरचा वापर महिन्याला साधारण 220 युनिट. शेजारच्यांनी छतावर सोलर बसवलं, सरकारकडून 78 हजार मिळाले आणि त्यांचं बिल जवळजवळ शून्यावर आलं. पेपरात वाचतो की दुपारी बाजारात वीज मातीमोल भावाने जाते. मग आमचं बिल वाढतंच कसं? शेजाऱ्यांच्या सबसिडीचे पैसे आमच्या बिलातून जातात का? आणि कोयना, दाभोळ, जयगड हे वीजप्रकल्प सगळे आमच्या उशाला असताना निदान आम्हाला तरी वीज स्वस्त नको का?

ताई, मी अठ्ठावीस वर्षं वीजखरेदी आणि वीजदराच्या हिशेबात काढली, त्यातली बरीचशी चिपळूण-रत्नागिरी पट्ट्यात. तुमचे प्रश्न तीन दिसतात, पण गाठ एकच आहे. स्वस्त झाली ती दुपारची वीज. तुमचं बिल मात्र मुख्यतः संध्याकाळचं, तारांचं आणि पूर्वी केलेल्या करारांचं आहे. सबसिडीचा भार त्यात आहे, पण तुम्ही शोधताय तिथे नाही.

आधी त्या 78 हजारांचं बघू. ही केंद्राची सूर्यघर योजना, फेब्रुवारी 2024 मध्ये आलेली. एक कोटी घरांचं लक्ष्य आणि 75,021 कोटींची तरतूद. पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी 30 हजार, तिसऱ्याला 18 हजार, त्यापुढे काही नाही. म्हणून 78 हजार. हे पैसे केंद्राच्या अर्थसंकल्पातून येतात. ते तुम्ही भरता, पण आयकरातून आणि साबणाच्या वडीवरच्या जीएसटीतून. वीजबिलातून नाही. बिल हातात घ्या आणि ओळी वाचा: स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार (इंधनाच्या भावाप्रमाणे कमी-जास्त होणारा), वीज शुल्क. यात सोलरच्या नावाची ओळ नाही.

जर्मनीत ती ओळ होती. तिथे 2000 पासून सौर आणि पवन विजेला ठरलेला चढा भाव दिला गेला आणि त्याचा फरक प्रत्येक ग्राहकाच्या बिलात अधिभार म्हणून लावला. 2017 मध्ये तो युनिटला 6.88 सेंटपर्यंत गेला होता. गंमत अशी की त्याच वीजेमुळे घाऊक भाव पडत होते, आणि घाऊक भाव पडला की ठरलेल्या भावाशी त्याचं अंतर वाढून अधिभार आणखी चढत होता. कारखानदार खूश, घरगुती ग्राहक हैराण. शेवटी जुलै 2022 पासून तो अधिभार शून्यावर आणून खर्च सरकारी तिजोरीकडे वळवला. सबसिडीने वीज महागते असं जे लोक ठामपणे सांगतात, त्यांच्या मनात बहुतेक वेळा हे जर्मनीचं चित्र असतं.

आपली गोष्ट वेगळी घडली. 2010 च्या सुमारास केंद्रीय वीज नियामक आयोगाने सौर विजेला ठरवलेला दर युनिटला जवळपास 18 रुपये होता. तेव्हा आपण फार थोडी वीज घेतली. मग लिलाव सुरू झाले: 2017 मध्ये राजस्थानातल्या भादलाला 2 रुपये 44 पैसे, 2020 च्या डिसेंबरात गुजरातला 1 रुपया 99 पैसे. म्हणजे महाग असताना आपण हात आखडता घेतला आणि स्वस्त झाल्यावर भरघोस खरेदी केली. हे शहाणपण होतं की योगायोग यावर वाद घालता येईल, फायदा मात्र खरा आहे. आज नवीन सौर करार अडीच-तीन रुपयांच्या आसपास होतात आणि तो दर पंचवीस वर्षं तोच राहतो.

आता शेजाऱ्यांकडे येतो, कारण तुमच्या मनातली खरी बोच ती आहे. त्यांचा काही भार खरंच तुमच्या बिलावर बसतो का? प्रामाणिक उत्तर: हो, थोडा बसतो. पण तो 78 हजारांतून नव्हे, नेट मीटरिंगमधून, म्हणजे छतावरून दिलेली युनिटं घेतलेल्या युनिटांतून वजा करायच्या पद्धतीतून.

आकडे 2024-25 च्या दरपत्रकातले घेतो. पहिल्या 100 युनिटांना 4 रुपये 71 पैसे, 101 ते 300 ला 10 रुपये 29 पैसे, आणि दोन्हीवर वहन आकार, म्हणजे तारांतून वीज पोचवायचा खर्च, 1 रुपया 17 पैसे. शेजाऱ्यांनी दुसऱ्या टप्प्यातलं एक युनिट वाचवलं की त्यांचे 11 रुपये 46 पैसे वाचले, त्यावरचं 16 टक्के वीज शुल्क धरलं तर 13 रुपये 29 पैसे. तेच युनिट दुपारी एक वाजता त्यांच्या छतावरून वाहिनीत आलं, तेव्हा महावितरणची बचत किती झाली? त्या वेळची वीज त्यांना तीन रुपयांच्या आसपास मिळत होतीच. रात्री आठला शेजारी ते युनिट परत घेतात. त्या वेळची वीज महाग असते, पण हिशेबात युनिटाला युनिट असंच वळतं होतं. खांब, तारा, रोहित्र, वायरमन सगळं शेजाऱ्यांसाठीही उभंच आहे. त्याचा खर्च स्थिर आकारातून पुरता वसूल होत नाही, युनिटाच्या दरात मुरवलेला असतो. शेजाऱ्यांनी युनिटं कमी घेतली की मुरवलेला खर्च उरलेल्यांच्या युनिटांवर सरकतो.

तरीही शेजाऱ्यांकडे डोळे वटारून बघू नका. छतावरची एकूण वीज अजून राज्याच्या वापरात लहानच आहे, त्यामुळे तुमच्यावर येणारा हिस्साही लहान. शिवाय आपल्याकडच्या लांबलचक वाहिन्यांच्या टोकाला, जिथे एप्रिलमध्ये पंखा घरघरत फिरतो, तिथे शेजारच्या छतावरून आलेली वीज व्होल्टेज सावरते आणि वहनातली गळती कमी करते. पण ही व्यवस्था अशीच कायम राहील असं समजून कोणी पंचवीस वर्षांचं गणित मांडू नये. छतं वाढली की स्थिर आकार वाढणार आणि दुपारचं युनिट व रात्रीचं युनिट वेगळं मोजलं जाणार, हे मला स्पष्ट दिसतं.

बाजारभावाची गोष्ट आता. वीज एक्सचेंजवर, म्हणजे विजेच्या घाऊक बाजारात, दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे 96 तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकड्याचा वेगळा सौदा होतो. विकणारे आपापला भाव सांगतात. स्वस्तापासून महागाकडे रांग लावायची, मागणी पुरी होईल तिथे थांबायचं, आणि शेवटी घेतलेल्याचा जो भाव तोच त्या तुकड्यात सगळ्यांना. सौरवाल्याला ऊन फुकट असतं, पैसा आधीच पॅनेलात गुंतलेला असतो, त्यामुळे तो अगदी खालचा भाव लावू शकतो. तो रांगेत पुढे घुसला की मागचा महाग कोळसा बाहेर पडतो आणि सगळ्यांचाच भाव उतरतो. 2025 च्या मे महिन्यात अवकाळी गारव्याने मागणी घटली, तेव्हा एका रविवारी रिअल टाइम, म्हणजे ऐनवेळच्या, बाजारात दुपारचे भाव थेट शून्याला टेकले. तेच सूर्य मावळल्यावर भाव उसळतो, आणि आयोगाने घातलेली 10 रुपयांची कमाल मर्यादा नसती तर कित्येक संध्याकाळी त्याहून वर गेला असता.

आंब्याच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. मार्चमध्ये पहिली पेटी वाशीला गेली की भाव ऐकून ऊर भरून येतो. मे अखेरीस सगळ्यांचाच माल एकदम उतरतो आणि वाहतूक-हमालीसुद्धा सुटत नाही. सौर विजेचं रोज तेच होतं. सगळे एकाच वेळी पिकतात, म्हणून ते स्वतःचाच भाव पाडतात.

पण ह्या पडलेल्या भावाने तुमचं बिल का पडत नाही? कारण देशात तयार होणाऱ्या विजेचा दहावा हिस्सासुद्धा एक्सचेंजवर विकला जात नाही. बाकी बहुतेक वीज लांब मुदतीच्या करारांनी बांधलेली आहे. आणि हे करार कसे असतात ते गुहागरकरांना सांगायला नको, कारण त्याचं सगळ्यात महागडं उदाहरण तुमच्या अंजनवेलला समुद्राकडे तोंड करून उभं आहे.

दाभोळ प्रकल्पाचा 740 मेगावॉटचा पहिला टप्पा मे 1999 मध्ये सुरू झाला. करारात दोन किमती होत्या. एक विजेची, म्हणजे इंधनाची. दुसरी क्षमतेची: प्रकल्प तयार आहे म्हणून द्यायची, वीज घ्या अथवा घेऊ नका, आणि त्यातला मोठा भाग डॉलरशी जोडलेला. नाफ्ता, म्हणजे तिथलं इंधन, महागला, रुपया घसरला, राज्याची मागणी अंदाजाएवढी वाढली नाही. वीज कमी घेतली की तोच क्षमतेचा आकार थोड्या युनिटांवर पडायचा आणि एका युनिटाची किंमत आभाळाला भिडायची. 2001 मध्ये राज्य वीज मंडळाने वीज घेणं थांबवलं आणि करार मोडीत निघाला. 2005 मध्ये तोच प्रकल्प रत्नागिरी गॅस अँड पॉवर झाला, पण पुढे स्वस्त गॅसच आटला. मी नोकरीत नवा होतो. बैठकीत फळ्यावर साहेबांनी एकच रेघ काढून दाखवली होती: युनिटं डावीकडे सरकतात तशी किंमत वर चढते. ती रेघ मी आजही प्रत्येक करारात शोधतो.

कोळशाच्या आजच्या करारांतही स्थिर आणि बदलता असे दोन भाग असतातच. दुपारी सौर वीज आली की महावितरण कोळशाच्या वीजनिर्मिती संचाला उत्पादन कमी करायला सांगतं. तेव्हा वाचतो फक्त कोळसा, स्थिर आकार द्यावाच लागतो. संच पूर्ण बंदही करता येत नाही, कारण संध्याकाळी सातला तोच लागणार, आणि तो थंड झाला की पुन्हा पेटवायला बरेच तास जातात. 2023 च्या नियमांनुसार तो क्षमतेच्या 55 टक्क्यांपर्यंत खाली उतरवता आला पाहिजे. म्हणजे भर दुपारीही निम्म्याहून जास्त कोळसा जळतच असतो. सौर विजेचा तीन रुपयांचा दर आणि तुमच्या बिलावरचा दर यांच्यात जी दरी दिसते, तिचा मोठा भाग इथे आहे: दुपारसाठी सूर्य आणि संध्याकाळसाठी कोळसा, असे दोन संसार आपण एकाच वेळी चालवतोय.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण ती सोलरच्या बाजूने आहे. जयगडचा 1,200 मेगावॉटचा प्रकल्प बाहेरून आलेल्या कोळशावर चालतो. 2022 मध्ये युक्रेनच्या युद्धानंतर आयात कोळसा भडकला आणि बिलातला इंधन समायोजन आकार चढला, ते तुम्हाला आठवत असेल. सौर करारात इंधन नाही, त्यामुळे समायोजनही नाही. सौर विजेने बिल उतरलं नसेल, पण तिच्याशिवाय ते किती चढलं असतं हा प्रश्न मी वीजदराच्या सुनावण्यांत विचारत आलोय.

आणि एक सबसिडी अशी आहे जिचा भार खरोखर बिलात जातो, पण तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. 30 जून 2025 पर्यंत सुरू झालेल्या सौर-पवन प्रकल्पांना आंतरराज्य पारेषणाचा, म्हणजे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात वीज नेण्याचा, आकार माफ होता. राजस्थानातून वीज आणणाऱ्याने रस्त्याचा टोल भरायचा नाही. रस्ता मात्र बांधलाय, त्याचा खर्च बाकीच्यांनी वाटून घ्यायचा. सुरुवातीला हे योग्य होतं, पण माझ्या मते ही माफी काही वर्षं आधीच आटोपायला हवी होती.

याउलट, ज्या सबसिडीने इतरांचं बिल हलकं होऊ शकतं ती शेतीवाहिन्यांची. शेतीपंपांची वीज राज्यभर स्वस्त किंवा मोफत असते आणि तिचा भार काही सरकार उचलतं, काही उद्योग आणि व्यापारी ग्राहक. 2017 ला सुरू झालेल्या आणि 2023 मध्ये नव्याने मांडलेल्या सौर कृषी वाहिनी योजनेत शेतीच्या वाहिनीजवळच सौर प्रकल्प उभे राहतात आणि सुमारे तीन रुपयांची वीज थेट पंपाला जाते. पंप दुपारी चालवता येतो, साठवणीची गरज नाही. जिथे वापर उन्हाच्या वेळेवर आणता येतो, तिथे सौर वीज खरोखर स्वस्त पडते. जिथे येत नाही, तिथे ती फक्त अर्धी स्वस्त आहे.

कोकणात असे पंप कमी, म्हणून त्या योजनेचा थेट लाभ आपल्याला फारसा नाही. त्यावरून "आपण देशावरच्या शेतकऱ्यांना पोसतो" असं बोलणारे मला बैठकांत भेटतात. त्यांना मी विचारतो, आपल्या तारांचा खर्च कोण भरतो? वाडी इथे, दुसरी वाडी डोंगरापलीकडे, मध्ये फणस-काजूची झाडं, चार महिने पाऊस, खाऱ्या हवेने गंजणारे खांब. जून 2020 च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडकडे खांब काडेपेटीतल्या काड्यांसारखे आडवे झाले होते, ते पुन्हा उभे राहिले ते राज्यभराच्या पैशातून. महावितरणचा दर राज्यभर एकच आहे. तो भागवार लावला तर कोकणाचं बिल वाढेल.

उशाला प्रकल्प असून वीज स्वस्त का नाही, याचंही उत्तर यातच आलं. वीज सगळ्या राज्याच्या एका हौदात पडते आणि तिथूनच वाटली जाते. पण कोयनेबद्दल दोन शब्द वेगळे. चारही टप्पे आणि धरणाच्या पायथ्याचं वीजघर मिळून सुमारे 1,960 मेगावॉट, आणि पोफळी-अलोऱ्याकडे पश्चिमेला सोडायचं पाणी कृष्णा लवादाने वर्षाला 67.5 टीएमसीवर बांधून दिलेलं. म्हणजे ती रोज उधळायची वीज नव्हे, जपून वापरायची ठेव आहे. दुपारी सूर्य असताना कोयनेचं पाणी थांबवायचं आणि दिवेलागणीला सोडायचं: आजच्या घडीला राज्याकडे याहून चांगली बॅटरी नाही. रायगडच्या भिऱ्याला आणि घाटघरला पाणी पुन्हा वर चढवून ठेवायची सोय आहे, पण ती मिळून 400 मेगावॉटची. अशी सोय वाढेल तसाच दुपारचा स्वस्त भाव संध्याकाळपर्यंत पोचेल. सबसिडीचा पुढचा रुपया पॅनेलावर न जाता साठवणीवर जावा, असं माझं ठाम मत आहे.

अशी साठवण एखाद्या कारखान्याच्या पातळीवरही होते. हर्णै बंदराजवळच्या एका बर्फाच्या कारखान्यात मी ऊर्जा तपासणीला गेलो होतो. पूर्वीच्या दरपत्रकात उद्योगाला रात्री दहा ते सकाळी सहा युनिटला दीड रुपया सवलत आणि सकाळी नऊ ते बारा 80 पैसे जादा. त्यामुळे कॉम्प्रेसर रात्री घरघरायचा आणि मालक दुपारी झोपायचे. 2025 च्या दर आदेशात चक्र उलटं फिरलं: सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच सवलत, पाचनंतर जादा. मालक वैतागले होते, तीस वर्षांची सवय मोडायची म्हणजे काय. आम्ही मिठाच्या पाण्याच्या टाकीत तापमापी सोडून तीन दिवस नोंदी घेतल्या. टाकीवरच्या लाकडी फळ्या फुगून मधे बोटबोट फटी पडल्या होत्या, थंडावा तिथूनच जात होता. फळ्या बदलल्या, वर जाड आच्छादन घातलं, आणि दुपारी पाणी नेहमीपेक्षा दोन अंश जास्त थंड करून ठेवलं. संध्याकाळी पाचला कॉम्प्रेसर बंद केला तरी डब्यातली लादी रात्रभर गोठलेली राहिली. शिवाय सौर वीज जिथे मार खाते ते जून-जुलै नेमके मासेमारी बंदीचे महिने, तेव्हा बर्फाची मागणीही उतरलेली. मालकांनी शेडवर पॅनेल टाकायचं ठरवलं आणि बॅटरी घ्यायची गरज पडली नाही. लादी हीच त्यांची बॅटरी.

तुमच्या घरापुरतं सांगायचं तर, 220 युनिटांना तीन किलोवॉट नको, दोन पुरे. किलोवॉटमागे दिवसाला सरासरी चार युनिट धरा, महिन्याला 240 होतात. जुलैत ते निम्म्यावर येईल, एप्रिल-मेमध्ये भरून निघेल. सबसिडी 60 हजार मिळेल. 78 हजारांच्या मोहाने मोठं बसवलंत तर 31 मार्चला उरलेली युनिटं कमी दराने हिशेबात जातात. सांगाडा गॅल्वनाइज्ड किंवा अॅल्युमिनियमचा आणि बोल्ट स्टेनलेसचे मागा. रंग मारलेलं लोखंड आपल्याकडे फार पावसाळे काढत नाही. आणि लाईट गेली की हे सोलरही बंद पडतं, ते बसवणारे बहुतेक वेळा सांगत नाहीत. वायरमन तारेवर असताना छतावरून वीज येऊ नये म्हणून ती सोय मुद्दाम केलेली असते. वादळात आठ दिवस अंधार झाला तर वीज हवी असेल, तर बॅटरीचा इन्व्हर्टर वेगळा घ्यावा लागेल.

सोलर नाहीच बसवलं तरी बिलावर मीटरचा प्रकार बघा. स्मार्ट मीटर असेल तर 2025 च्या आदेशात घरगुती ग्राहकालाही सकाळी नऊ ते पाच सवलत ठरली आहे, युनिटला 80 पैशांपासून. त्या आदेशावर फेरविचार आणि दावे झाले, त्यामुळे नेमका आकडा तुमच्या ताज्या बिलावरून घ्या. विहिरीवरचा पंप सकाळी सहाला लावत असाल तर दहानंतर लावा, कपड्यांचं मशीन आणि इस्त्रीही दुपारी काढा. पाण्याचा गिझर मात्र संध्याकाळी सात ते दहात लावू नका, त्या वेळी तुमच्यासाठी कुठेतरी कोळसा जळत असतो आणि कोयनेचं पाणी खाली येत असतं.